काठी खाली येईपर्यंत

आमच्या घरात डिस्को आणला तो बाबांनी, हे सांगितलं तर आजही कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्या मुलांनाही वाटतं, आई म्हातारपणी रंगवून सांगतेय. त्यांनी पाहिलेले आजोबा म्हणजे फोटोतले, बंद गळ्याच्या कोटातले, मांडीवर व्हायोलिन घेऊन ताठ बसलेले. आमच्याकडे व्हायोलिन आलं ते दरबारी बँडातून. बाबांचे वडील संस्थानच्या बँडात वाजवायचे. संस्थान गेलं, बँड मोडला, पण त्या बँडाची शिस्त काही त्यांनी सोडली नाही, आणि जाताना ती सगळी बाबांच्या गळ्यात घालून गेले. बाबा एका कारखान्यात कंप्रेसर हाउसमध्ये ऑपरेटर होते. आठ तास त्या घरघराटात उभं राहायचं, एकमेकांशी हातवारे करून बोलायचं, आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून लहरीपुऱ्याला सिम्फनीच्या तालमीला जायचं, असं त्यांचं आयुष्य होतं. सिम्फनी हा शब्द बाबांचा. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना लग्नातली गाणी आठवतात म्हणून त्यांना तो शब्द खपत नसे.

ही सिम्फनी सव्वीस जणांची होती. पुढे व्हायोलिनं, मग चेलो, क्लॅरिनेट, मागे ट्रम्पेट आणि सगळ्यांत शेवटी वामनकाकांचे केटलड्रम. वामनकाका आजोबांच्या बँडातले, त्या जमान्यातले उरलेले एकटेच. बाकीचे कुणी रेल्वेत कारकून, कुणी शाळामास्तर, दोघे बँकेतले. मी सोळाव्या वर्षी पहिल्या रांगेत, बाबांच्या अगदी समोर बसायला लागले, आणि ते वशिल्यानं नव्हे हे इथं नमूद करून ठेवते. तालीम व्हायची जयंतीभाईंच्या दुकानावरच्या माडीवर. जयंतीभाई लाउडस्पीकर भाड्यानं देत. त्यांना सुरातलं ओ की ठो कळत नसे, पण आमच्यावर त्यांचा जीव होता. मध्यंतरात ते तेलकट लीलो चेवडो आणि चहा मागवत आणि चेवड्याचे हात व्हायोलिनला लावले म्हणून बाबा सगळ्यांना ओरडत.

दरबारी बँडाचा एक नियम बाबांनी आमच्यात जसाच्या तसा ठेवला होता. त्यांच्या हातात वेताची एक बारीक छडी असे. तिला ते आणि वामनकाका काठी म्हणत. काठी खाली येईपर्यंत कुणी हात खाली घ्यायचा नाही. गाणं संपलं, शेवटचा सूर विरला, तरी काठी वर आहे तोवर गज तारेवर, ट्रम्पेट ओठाशी. आमच्या ऐकणाऱ्यांनाही त्याची सवय झाली होती. काठी खाली आली आणि बाबा वळले की मगच टाळ्या पडायच्या. परगावच्या कुणी आधी टाळी वाजवलीच, तर शेजारचा त्याच्याकडे असा बघे की तो बिचारा हात मांडीखाली घेऊन बसे.

तर डिस्को. त्या दिवसांत जिकडेतिकडे तेच चाललं होतं, रिक्षात, पानाच्या गादीवर, नवरात्रात गरब्याच्या मध्यंतरातसुद्धा. जयंतीभाई एका रविवारी म्हणाले, "साहेब, पब्लिकने हवे डिस्को ज जोइए." लोकांना आता तेच हवं आहे, जुन्या मार्चच्या धुनांना कुत्रं येत नाही, असा त्याचा अर्थ. आम्ही सगळे बाबा भडकण्याची वाट बघत बसलो. बाबांनी जयंतीभाईंच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, करू की. दुसऱ्याच दिवशी पहिल्या पाळीहून येताना ते चार कॅसेटी घेऊन आले. होळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम ठरला, फक्त डिस्कोचा. जयंतीभाईंनी हॉल स्वतः घेतला. मात्र एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगून टाकली. हा कार्यक्रम पडला तर ते मुंबईहून एक नवा, नव्या गाण्यांतला माणूस आणतील आणि काठी त्याच्या हातात जाईल. बाबांनी मान डोलावली. वीस वर्षं ती काठी त्यांच्या हातात होती, आणि कारखान्यातल्या आठ तासांनंतर ते ज्याला माझं म्हणतील असं दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं, आई आणि मी, आम्ही दोघी धरून.

मग आमचं घर बदलत गेलं. तीन वाजता बाबा घरी येत, आई पोह्यांची नाहीतर दुधीच्या मुठियांची बशी पुढे ठेवी आणि टेपरेकॉर्डर सुरू होई, तोही पूर्ण आवाजात. लाकडी टीपॉयवर टेप ठेवून बाबा शेजारी जमिनीवर बसत आणि एक तळहात टीपॉयवर पालथा ठेवत. त्या गाण्यांमधला ड्रमचा ठोका मोठा दणदणीत, एकसारखा, न चुकणारा. टीपॉय थरथरे, बशीतला चमचा वाजे, आणि बाबा डोळे मिटून मान हलवत. सूर मात्र मी उतरवून घ्यायचे. बाबा म्हणत, तू लिही, मी तपासतो. शेजारच्या कोकिलाबेन कुंपणापाशी येऊन आईला विचारत, तुमच्याकडे रोज पार्टी आहे का? आई हसे, पण आत येताना तिचं तोंड उतरलेलं असे. ती बाबांशी काही बोलली तर बाबा उत्तर देत नसत, म्हणून ती रागावून बोलायचीच कमी झाली होती. तिच्या मते हा त्यांचा नवा हट्ट होता. ती बोलेना म्हणून मीही बोलेना. घरात एवढा आवाज आणि एकही शब्द नाही, अशा दुपारच्या दुपारी जायच्या.

दिवाळी झाल्यावरची एक दुपार मला विसरता आलेली नाही. मी लिहिलेली चाल बाबांसमोर वाजवत होते. ते कागद बघत होते. कसं सुचलं कोण जाणे, आठवडाभर मनात जे घोळत होतं त्याचा एकदा निकाल लावावा असं वाटलं असेल, पण मध्येच मी पाठमोरी झाले आणि भलतंच वाजवायला लागले. चाल नाही, सूर नाही, नुसतं खरवडणं. आई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन बाहेर आली. मी थांबले, वळले. बाबा कागदावरून नजर वर करून म्हणाले, "छान. शेवटी जरा सावकाश घे." आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आई आत गेली आणि पोळ्या लाटायला लागली. मी कुणालाही सांगितलं नाही. कळलं तर काठी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईनं त्या दिवशी संध्याकाळी बाबांवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. या विषयावर आम्ही दोघी त्यानंतर कधी बोललो नाही, आणि मला त्याचा आजही राग येतो, तिचाही आणि माझाही.

डिस्को का, हे मला त्या दिवशी कळलं. तो ठोका त्यांना हातातून, पायातून ऐकू येत होता. जुने मार्च केव्हाच त्यांच्या हातून निसटले होते.

पण भीती वाटायला लागली ती त्यानंतर. एके दिवशी टेप बंद होती, वीज नव्हती, दुपारचा आमचा सगळा सुभानपुरा झोपला होता. बाबा पाटावर जेवत होते. घास तोंडाशी नेता नेता थांबले आणि त्यांनी वर पाहिलं. मला म्हणाले, "वर कोण वाजवतंय गं?" आमचं टेनामेंट म्हणजे बैठं घर. वर फक्त गच्ची, तिच्यावर आईचे साबुदाण्याचे पापड वाळत घातलेले. कुणी नाही, असं मी मानेनं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग उठून हात न धुता जिना चढून गेले. मी मागोमाग गेले. उन्हात पापडांच्या रांगांमधून ते गच्चीच्या कठड्यापर्यंत गेले, सगळीकडे पाहिलं आणि परत फिरले. चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणाच्या तरी घरी चुकून गेल्यासारखे जरा ओशाळले होते, इतकंच.

त्यानंतर वरचे 'ते' रोजच वाजवायला लागले. 'ते' हा बाबांचाच शब्द, आणि बाबा त्यांच्याबद्दल ओळखीच्या माणसांविषयी बोलावं तसं बोलत. त्यांची व्हायोलिनं बारा आहेत. मधल्या रांगेतला एकजण उशिरा उचलतो. चेलो फार गोड आहे. जेवताना आई भात वाढायला वाकली की बाबा हात आडवा धरत, एवढं संपू दे म्हणत, आणि आई तशीच वाकून, हातात भाताचा डाव धरून थांबे, ते हात काढीपर्यंत. मी समोर बसून त्या शांततेत कान देऊन ऐके. पंखा, भिंतीवरची पाल, लांबवर कुठे भाजीवाला. मला काही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. तरी त्या दिवसांत मी गच्चीवर एकटी जायचं बंद केलं.

हल्लीच माझ्या मुलानं मला वाचून दाखवलं की ज्यांचे कान जातात त्यांच्यातल्या काहींना असं होतं. बाहेरून काही येईना की डोकं आपलंच गाणं लावून घेतं. असेल. मुलगा शिकलेला आहे, त्याच्याशी मी वाद घालत नाही. पण यंदाच्या थंडीत तो आणि सून मला वासण्याच्या घरून गाडीत घालून एका कार्यक्रमाला घेऊन गेले. खरीखुरी सिम्फनी, ऐंशी वादक, आणि सगळी गाणी त्या जुन्या डिस्कोच्या काळातली. माझ्या वयाच्या बायका खुर्च्यांतून उठून नाचत होत्या. मला मजा येत होती. मग एका गाण्याच्या शेवटी सगळे गज क्षणभर वरच थांबले, आणि मी सुनेचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी पिचली. तिला म्हटलं मला बाहेर घेऊन चल. हे लिहायला बसले ती त्यानंतर.

तर त्या वर्षी तालमींमध्येही 'ते' शिरले. माडीची जमीन फळ्यांची होती. वामनकाका केटलड्रम वाजवताना उजवा पाय आपटत, जयंतीभाईंच्या भाच्याची बास गिटार स्पीकरमधून घुमे, आणि त्या फळ्यांवरून बाबा ठोका बरोबर पकडत. सुरुवात, शेवट, सगळं बिनचूक. फक्त अधूनमधून बाबा आम्हाला थांबवून म्हणत, इथं तुम्ही मागे पडता, ते पडत नाहीत. ते म्हणजे कॅसेटमधले, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी मान खाली घालून पान उलटायचे. माझ्याशिवाय कुणालाच काही ठाऊक नाही, असं मला वाटायचं. आज वाटतं, केवढा तो शिष्टपणा.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरून गेला. बाल्कनीत कॉलेजची पोरं, पुढे लोकांची मुलंबाळं, पहिल्या रांगेत कोपऱ्यात आई, तिच्याजवळच पांढऱ्या झब्ब्यात जयंतीभाई. आम्ही काळे कोट चढवून उकाड्यात बसलो होतो. पहिल्याच गाण्याला पोरं शिट्ट्या वाजवायला लागली आणि जयंतीभाईंचा चेहरा उजळला. स्टेजही लाकडी होतं. बास गिटारचा ठोका माझ्या चपलांतून वर येत होता, बाबांचे खांदे त्याबरोबर हलत होते, आणि मला वाटलं, झालं, आता काही भीती नाही. असं आठव्या गाण्यापर्यंत चाललं. नववं, शेवटचं.

नववं निम्म्यावर आलं असताना वीज गेली. दिवे गेले, पंखे गेले, बास गिटार जागीच मुकी झाली. उंचावरच्या झरोक्यांतून संध्याकाळचा पिवळट उजेड येत होता, तेवढ्यात कागद जेमतेम दिसत होते. आम्ही थांबलो नाही. वामनकाका मागून पाय आपटत होते आणि त्या पायावर आम्ही गाणं शेवटपर्यंत नेलं. शेवटचा सूर सव्वीस जणांनी एकदम सोडला. फार सुंदर सोडला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. सगळे काठीकडे बघत होते.

काठी खाली आली नाही. ती पुढे चालत राहिली.

बाबांचे डोळे मिटलेले होते. मला आधी वाटलं, ते शेवट लांबवताहेत. मग माझ्या लक्षात आलं की काठी आता चार मात्रांत चालत नाहीये, तीन मात्रांत चाललीय, संथ, आम्ही कधीच न बसवलेलं काहीतरी. डावा हात चेलोंकडे वळून त्यांना हळू यायला सांगत होता. पहिल्या रांगेत जयंतीभाई टाळी वाजवायला अर्धे उठले होते, ते तसेच थबकले. मी व्हायोलिन खाली घेतलं असतं तर सगळ्या हॉलला, बाबांना, जयंतीभाईंना तत्क्षणी कळलं असतं. मी गज तारेपासून बोटभर वर उचलला आणि तसाच हवेत ओढायला लागले. कशासाठी, हे मला सांगता येणार नाही. हातानं केलं. मग माझ्या शेजारच्या मास्तरांचा गज वर उठला. मग मागच्या रांगेचा, मग चेलोंचे. ट्रम्पेटवाल्यांनी गाल फुगवले. वामनकाकांच्या काठ्या केटलड्रमच्या कातड्यापर्यंत यायच्या आणि न टेकता परत जायच्या. तेव्हा मला कळलं की सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण आपल्यालाच ठाऊक आहे असं समजून महिनोन्महिने गप्प बसला होता.

किती वेळ ते चाललं असेल, तीन मिनिटं, चार. शेकडो माणसांच्या त्या हॉलमध्ये कोटांच्या बाह्या घासल्याचा आवाज तेवढा येत होता. बाल्कनीतली पोरंसुद्धा गप्प. एक लहान मूल रडायला लागलं आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला असावा, कारण ते एकदम थांबलं. एक गोष्ट मी त्यानंतर खूप जणांना विचारली आणि कुणालाही उत्तर देता आलं नाही. आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं, कागदावर काही नव्हतं, तरी सगळे गज एकाच वेळी वळत होते. कुठं हळू, कुठं जोरात, कुठं थांबायचं, सव्वीस जणांना कळत होतं. मीच मला न ऐकू येणारं काहीतरी अचूक वाजवत होते. हात थांबवायची माझी हिंमत नव्हती.

मग काठी खाली आली. बाबांनी डोळे उघडले, आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, वळले आणि वाकले. टाळ्या जयंतीभाईंनी सुरू केल्या. लोक उभे राहिले. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असणार, काहीतरी नव्या पद्धतीचं. पुढे कितीतरी दिवस लोक आम्हाला त्याबद्दल विचारत. जयंतीभाई मात्र रुमालानं डोळे पुसत होते, आणि मुंबईच्या माणसाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्याची गरजच पडली नाही. पुढच्या रविवारी बाबांनी स्वतःच काठी वामनकाकांच्या हातात दिली आणि माडीवर भिंतीशी जाऊन बसले.

पण ते पुढच्या रविवारचं. त्या संध्याकाळी वादक सामान आवरत होते आणि बाबा हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर एकटेच बसले होते. अजून उजेड होता. मी शेजारी जाऊन बसले. घरून निघतानाच मी ठरवलं होतं की आज काही झालं तरी मला ठाऊक आहे हे त्यांना सांगायचं. पण आधी तेच बोलले. स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नसल्यामुळे ते जरा मोठ्यानंच बोलले.

"तुमचे गज तारेला टेकत नव्हते. मी मध्येच डोळे उघडले होते."

त्यांना माझे ओठ दिसावेत म्हणून मी समोरच्या पायरीवर जाऊन बसले आणि विचारलं, मग तुम्ही थांबला का नाहीत?

"ते थांबले नव्हते," बाबा म्हणाले. "वाजवणाऱ्याला मध्येच सोडून कसं जायचं?"

आत कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. बाबांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांनी विचारलं, तुला हे कधीपासून ठाऊक आहे? मी खोटं बोलणार होते. बोलले नाही. तोंड मोठं करून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, दिवाळीपासून.

बाबांनी मनातल्या मनात महिने मोजले असावेत. त्यांचा चेहरा मी एवढा हललेला कधी पाहिला नव्हता, आजोबा गेले तेव्हाही नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणजे इतके महिने घरात तू एकटीच होतीस," ते म्हणाले. "माझ्यासोबत निदान ते होते."